१० वर्षांच्या मुलीसोबत ‘दॅट सेव्हन्टीज शो’ पाहावा का?

नको, १० वर्षांच्या मुलीसाठी ही मालिका अजून लवकर होईल. १३-१४ची झाली की सोबत बसून पाहा. मी आठही सीझन पाहिलेत. १९९८ ते २००६ या काळात आलेली ही अमेरिकन विनोदी मालिका वरवर घरगुती वाटते, पण तळघरातल्या त्या गाजलेल्या प्रसंगांत पोरं गोल बसून गांजा ओढतात. पडद्यावर गांजा दिसत नाही, नुसता धूर आणि एकेका चेहऱ्याकडे फिरणारा कॅमेरा. म्हणूनच लहान मुलं हमखास विचारतात, ‘हे एवढे हसताहेत कशाला?’ शिवाय शरीरसंबंधांवरचे विनोद सतत येत राहतात. मालिकेचा नायक एरिक, त्याच्या आईवडिलांचे, म्हणजे किटी आणि रेडचे प्रसंग मात्र खरंच गोड आहेत. मोठी भावंडं हट्टच धरत असतील तर तो भाग आधी स्वतः पाहा, मगच धाकटीला बसवा.