क्रांती आणि सूर्याची तिरकी वाट

प्रश्न आलाय की बंड, उठाव आणि क्रांती यात फरक काय, आणि लासलगावला शेतकऱ्यांनी कांद्याचे लिलाव बंद पाडले की त्याला 'शेतकऱ्यांची क्रांती' म्हणतात ते बरोबर का. अजिबात नाही. ते आंदोलन. 2018 ला नाशिकहून मुंबईपर्यंत लोक चालत गेले तो मोर्चा, फार मोठा, पण मोर्चाच. बंड सत्तेविरुद्ध होतं, क्रांतीत सत्तेची घडीच बदलते, हे काही वेगळं सांगायला नको. इथे फ्लॅटच्या जाहिरातीतही क्रांती होते, वाचून डोकं उठतं.

खरी मजा व्युत्पत्तीत आहे! संस्कृत धातू क्रम्, पाऊल टाकणे, त्यातूनच संक्रांत, आक्रमण, पराक्रम. पण आपल्या जुन्या ज्योतिषगणितात क्रांती म्हणजे सूर्य विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती अंश सरकला ते माप, आणि त्याच्या वाटेला क्रांतिवृत्त. नाशिक साधारण 20 अंश उत्तरेला, म्हणून मे महिन्यात सूर्याची क्रांती 20 अंश झाली की भर दुपारी आपली सावली पायाखाली जाते. आणि इंग्रजीतला रेव्होल्यूशनसुद्धा आधी आकाशातलाच बरं का, खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसच्या 1543 च्या लॅटिन ग्रंथाच्या नावात तो खगोलांच्या फिरण्यासाठी आहे, राजकारणात तो नंतर रुळला.

काही कोशकार क्रांतीपुढे 'उलथापालथ' लिहून मोकळे होतात, ते मला साफ नामंजूर. उलथापालथ एका रात्रीत होते, सूर्याची क्रांती रोज थोडी थोडी बदलते, 21 जूनच्या आसपास तर तो जागचा हललाच नाही असं वाटतं आणि सप्टेंबरात विषुववृत्त ओलांडताना सगळ्यात वेगात, रोज जवळपास 0.4 अंश. माझं ठाम मत आहे की फ्रान्सच्या क्रांतीचंही असंच झालं. तिजोरी आधीच कर्जात, त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा खर्च, सरदार आणि धर्मगुरूंना बऱ्याच करांतून सूट, 1788 ला पीक बुडालं, पॅरिसमध्ये पाव महागला, मग 14 जुलै 1789 ला बॅस्टिलचा किल्लेवजा तुरुंग पडला, आणि लोक पाठ करतात ती फक्त शेवटची तारीख. राजा सोळाव्या लुईने 'हे बंड आहे का' असं विचारलं आणि सरदाराने 'नाही महाराज, क्रांती आहे' असं उत्तर दिलं अशी आख्यायिका आहे, त्या सरदाराला शब्द बरोबर सापडला होता.

म्हणून 'क्रांतीची ठिणगी' लिहू नका. ठिणगी बंडाची पडते.