तोंडी सांगितलेल्या जादा कामाचं बिल: एफडी मोडावी का?

मुलुंडच्या ताई,

फ्लॅटच्या दुरुस्तीचा तुमचा करार ९,४०,००० रुपयांचा. ‘लेखी मंजुरीशिवाय जादा काम धरलं जाणार नाही’ असं त्यात कलम आहे. आता कंत्राटदार तोंडी बदलांचे १,८५,००० मागतोय. दोन लाखांची एफडी मोडून ते द्यावेत, की कलम दाखवून हात वर करावेत, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको. त्या कलमावर फार विसंबू नका. क्वार्ट्झचा ओटा तुम्हीच पसंत केलात, तो बसताना अडवलं नाहीत, आणि आज त्यावर पोळ्या लाटताय. फुकट करायचं नसलेल्या कामाचा फायदा घेतला की मोबदला द्यावा लागतो, हे करार कायद्याचं (१८७२) कलम ७०. त्यात पीओपीचे जादा पैसे तुम्ही आधी कागदाशिवाय जीपे केलेत. लेखी मंजुरीचा आग्रह तुम्हीच सोडलात, असं तो म्हणणारच.

पण बिल फुगवलेलं आहे. ओट्याचे ६२,००० लावताना करारातल्या ग्रॅनाइटचे २२,००० त्याने वजा केलेले नाहीत, देणं ४०,०००. विजेचे १४ जादा पॉइंट करारातल्याच १,५०० च्या दराने, म्हणजे २१,०००. पण स्वतः मोजा. बाथरूमचे ७८,००० मुळीच मान्य करू नका. वॉटरप्रूफिंग आणि मजुरी मूळ रकमेतच आहे, वाढला तो फक्त टाइलचा दर: ६० ऐवजी ११०, २६० चौरस फुटांना १३,०००. ‘इतर’चे २४,००० तपशील येईपर्यंत शून्य. एकूण ७४,०००.

एवढ्यासाठी चार महिन्यांत पिकणारी एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती तारण ठेवून बँकेकडून लागेल तेवढी उचल, घ्या. एफडीपेक्षा २ टक्के जास्त व्याज धरलं तरी चार महिन्यांना पदरचे पाचशेच्या आत जातील. मोडलीत तर दंड सगळ्या दोन लाखांवर.

गप्प राहून प्रकरण विरणार नाही. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. हा हिशेब आधी व्हॉट्सअॅपवर पाठवा, पैसे एनईएफटीनेच द्या. तो घासाघीस करेल. ९०,००० पर्यंत मिटलं तरी वरचे १६,००० वकिलाच्या फीपेक्षा बहुधा स्वस्तच. मात्र ‘करारातील व जादा कामाचे पूर्ण व अंतिम पैसे मिळाले’ अशी, एक रुपयाच्या रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही केलेली पावती तयार असल्याशिवाय रक्कम सोडू नका.