पाय दाराशीच का खिळतात?

प्रश्न : माझ्या वडिलांना सहा वर्षांपासून पार्किन्सन आहे. खोलीतून बाहेर पडताना दाराशी आले की त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि आम्ही ‘चला ना, लवकर’ म्हटले की ते अधिकच अडखळतात. जिना मात्र ते सहज चढतात. पायांत ताकद आहे, मग हा हट्ट समजायचा की मनातली भीती?

उत्तर : हा हट्ट मुळीच नाही, आणि भीतीने हा त्रास वाढत असला तरी त्याचे मूळ भीतीत नाही.

निरोगी माणूस चालताना पावलांचा विचार करत नाही, कारण पावलांची लांबी आणि लय मेंदूच्या खोल भागातील केंद्रके, म्हणजे चेतापेशींचे पुंजके, आपोआप सांभाळत असतात. या केंद्रकांना डोपामिन हे संदेशवाहक रसायन पुरवणाऱ्या पेशी पार्किन्सनमध्ये नष्ट होत जातात, त्यामुळे सवयीने होणारी हालचाल विस्कळीत होते आणि कपाळामागचा मेंदूचा भाग, जो एरवी लक्ष देणे, ठरवणे, योजना करणे यांसाठी राखीव असतो, तो चालण्याच्या कामालाही जुंपला जातो. डोक्यावर प्रकाशसंवेदकांची टोपी घालून, चालणाऱ्या माणसाच्या मेंदूतील रक्ताचा प्राणवायू मोजता येतो. अशा मोजमापांत पार्किन्सनच्या रुग्णांमध्ये हा पुढचा भाग साध्या चालण्यातही अधिक सक्रिय असल्याचे अनेकदा दिसले आहे. थोडक्यात, तुमचे वडील प्रत्येक पाऊल लक्षपूर्वक टाकत आहेत. अरुंद दार, वळण किंवा मागून आलेली हाक या प्रत्येकाला त्याच लक्षातला वाटा द्यावा लागतो, आणि तो दिला की पावलांसाठी पुरेसे लक्ष उरत नाही. तुमची ‘लवकर’ ही हाक प्रेमापोटी असली तरी ती नेमका त्यांचा आधारच काढून घेते, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

जिन्याचे कोडेही यातूनच सुटते. पायरीची कड डोळ्यांना दिसते आणि पाऊल कुठे टाकायचे हे बाहेरूनच कळते. मग आतून आपोआप येणाऱ्या इशाऱ्यावर तितकेसे अवलंबून राहावे लागत नाही. म्हणून दाराजवळच्या जमिनीवर ठळक रंगाच्या आडव्या पट्ट्या, एकेका पावलाच्या अंतरावर, चिकटवून पाहा. काहींना एका लयीत मोजलेले आकडे किंवा ठेका अधिक उपयोगी पडतो. कोणता इशारा लागू पडतो हे माणसागणिक बदलते, त्यामुळे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करून पाहणे उत्तम.

पाय खिळले की हात धरून ओढू नका, तोल जाण्याचा धोका असतो. त्यांना पूर्ण थांबू द्या, शरीराचा भार सावकाश एका पायावर घेऊ द्या आणि मग मोकळा झालेला पाय उचलू द्या. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता मोठ्या वर्तुळात वळावे. चालताना बोलणे टाळा. बोलायचे असल्यास आधी त्यांना बसू द्या.

आणखी एक गोष्ट करा. पाय कधी खिळतात याची आठवडाभर वेळेसह नोंद ठेवा. गोळीचा परिणाम ओसरताना हे घडत असेल तर मात्रा किंवा वेळ बदलून अनेकदा फरक पडतो. गोळीचा परिणाम चांगला असतानाही घडत असेल तर उपचारांचा विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो. गोळ्यांत स्वतःहून बदल न करता ही नोंद मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.