गर्भपात कायद्यानेच बंद केला तर पोटातल्या मुली वाचतील का?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. तुम्ही म्हणताय की 2022 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क काढून घेतला, तसं आपणही 1971 चा गर्भपाताचा कायदा रद्द केला तर स्त्रीभ्रूणहत्या थांबेल. मुलींची काळजी म्हणून विचारलंय हे कळतंय, पण मी 24 वर्षं मराठवाड्यात सरकारी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे, त्यातली निम्मी लेबर रूमला गेली, आणि माझं उत्तर नाही असंच आहे. मुली तर वाचणार नाहीतच, वर त्यांच्या आया मरतील.

एक पेशंट सांगते. 2012-13 चा ऊसतोडीचा सीझन होता. बाई 23 वर्षांची, पदरात अकरा महिन्यांचं बाळ, अंगावर पिणारं, बाळ सारखं आजारी म्हणून त्या वर्षी ती सासूजवळ गावात राहिली आणि नवरा टोळीबरोबर कर्नाटकात कारखान्यावर गेला. महिना चुकला तशी ती आठवड्याभरातच तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात गेली, म्हणजे जे करायला पाहिजे ते तिने अगदी वेळेवर केलं. तिथे सांगितलं नवऱ्याची सही आणा. नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतलेली, मुकादम सोडेना, फोन कधी लागायचा कधी नाही. मेडिकलवाल्याने गर्भपाताच्या गोळ्या ठेवतच नाही म्हणून सांगितलं. असं करत करत महिना गेला आणि मग गावातल्याच कुणीतरी कसलीतरी मुळी आत घातली.

चौथ्या दिवशी जीपमधून आणली तेव्हा दारातूनच वास आला, तो वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. ताप 104, पोट फळीसारखं कडक, बीपी लागेना, सलाईनला शीर सापडेना, मी आणि दुसरी सिस्टर दोन्ही हातांना शोधत होतो आणि तिची शुद्ध नव्हती तरी ब्लाऊज दुधाने भिजलेला होता. बाहेर सासूच्या कडेवर बाळ भुकेने रडत होतं. मेडिकल कॉलेजला रेफर केली, रात्रीत ऑपरेशन झालं, वाचली, पण पिशवी काढावी लागली.

आता हे नीट वाचा. ती सही कायद्याने लागतच नव्हती! बाई 18 च्या वरची असेल तर फक्त तिची स्वतःची संमती लागते, हे 1971 पासून कायद्यात लिहिलेलं आहे. संमतीचा फॉर्म सी म्हणून एक कागद असतो, त्यात अमक्याची मुलगी किंवा पत्नी असं लिहायला जागा आहे, वय, पत्ता आणि खाली सही नाहीतर अंगठा, तोही तिचाच. नवऱ्याने, सासूने सही करायची त्यात जागाच नाही (मुलगी अल्पवयीन असेल तर पालकांची लागते, तो वेगळा भाग). तरी आजही कित्येक दवाखान्यांत नवऱ्याला बोलवा म्हणतात, उद्या भांडण नको म्हणून. म्हणजे कायदा असताना हे हाल आहेत, तो काढून टाकला तर काय होईल याचा विचार करा.

आणि आपल्याकडे काही मोकाट सूट आहे असंही नाही, बऱ्याच लोकांना वाटतं बाईच्या मनात आलं की करता येतं. तसं नाहीये. गर्भपात करणं हा इंग्रजांच्या काळापासून पीनल कोडमध्ये गुन्हाच होता, आता त्याजागी आलेल्या न्याय संहितेतही आहे, आणि 1971 च्या कायद्याने काही अटींवर डॉक्टरला त्यातून संरक्षण दिलं. तो कायदा आला कारण चोरून केलेल्या गर्भपातांत बायका फार मरत होत्या. 1964 मध्ये सरकारने कमिटी नेमली, अध्यक्ष आपल्याच महाराष्ट्रातले मंत्री शांतिलाल शाह, त्यांचा रिपोर्ट 1966 ला आला आणि 1 एप्रिल 1972 पासून कायदा लागू झाला. 2021 ला सुधारणा झाली, आता 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही ठराविक बायकांना 24 पर्यंत, त्यालाही दोन डॉक्टर लागतात, आणि त्यापुढे बाळात मोठा दोष असेल तर मेडिकल बोर्ड. 2022 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने लग्न न झालेल्या मुलींनाही 24 आठवड्यांचा तोच नियम लागू केला. पण 2023 ला त्याच कोर्टाने दोन मुलांच्या आईला 26 आठवडे झालेत म्हणून नाही म्हणून सांगितलं, आणि तीसुद्धा अंगावर पाजणारीच होती, दिवस गेलेले तिला लवकर कळलेच नव्हते. मला ती बातमी वाचून आमची ती बाईच आठवली.

आता मुलींचं. मी ज्या पट्ट्यात काम करते तिथे हे दुखणं फार जवळचं आहे. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या 1000 मुलांमागे फक्त 807 मुली होत्या. 2012 मध्ये परळीतला एक डॉक्टर लिंग बघून मुली पाडतो हे प्रकरण उघडकीला आलं तेव्हा आमच्या स्टाफमधल्या बायका ड्युटीवर रडल्या आहेत. पण तिथे जे चाललं होतं ते गर्भपाताच्या कायद्याने दिलेलं नव्हतंच. लिंग सांगणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, महाराष्ट्राने तर त्याआधी 1988 लाच स्वतःचा कायदा केला होता. ज्याने हा कायदा मोडला तो आणखी एक कायदा पाळेल का? उलट त्याचा रेट वाढेल.

परळीनंतर राज्यभर मेडिकल दुकानांवर धाडी पडल्या आणि दुकानदारांनी भीतीने गोळ्या ठेवणंच बंद केलं. त्या गोळ्या आता नियमाने 9 आठवड्यांपर्यंत देतात, तेव्हा 7 पर्यंतच द्यायच्या. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे 12-13 आठवड्यांच्या आत खात्रीने दिसत नाही. मग नियमाने दिलेल्या गोळीने मुलगी बघून पाडली कशी जाईल? ज्यांना मुलगी पाडायची त्यांना त्या गोळीचा उपयोग नाही आणि ज्या बाईला खरंच वेळेवर मोकळं व्हायचंय तिला ती मिळत नाही. आमची ती बाई याच्यातच सापडली.

पोटात जीव असतो असं तुम्ही लिहिलंय. ते मला पटतं, डॉपलरवर ठोके मी हजारो आयांना ऐकवलेत आणि प्रत्येक वेळी मलाही बरं वाटतं. पण जिच्या पोटात तो आहे ती पण जीवच आहे ना हो. आमच्याकडे आलेली एकही बाई हसत आलेली मी पाहिली नाही.

सविता हलप्पनवार तुम्हाला आठवत असेल, आपल्या बेळगावची मुलगी, 2012 मध्ये आयर्लंडला गॉलवेच्या हॉस्पिटलमध्ये 17 आठवड्यांवर तिचा आपोआप गर्भपात होत होता, बाळ वाचणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं, तिने मोकळं करा म्हणून विनवण्या केल्या, पण तिथे गर्भपाताला बंदी आणि बाळाचे ठोके चालू, म्हणून केलं नाही. सेप्सिसने गेली. स्वतः डेंटिस्ट होती ती, शिकलेली, चांगल्या देशात, मोठ्या हॉस्पिटलमध्ये. 2018 मध्ये तिथल्या 66 टक्के लोकांनी मतदान करून ती बंदी उठवली.

मुलींसाठी काही करायचंच असेल तर सोनोग्राफी सेंटरकडे बघा. परळीतल्या त्या डॉक्टरचं स्टिंग लिंगनिदानाविरुद्ध काम करणाऱ्या वर्षा देशपांडेंच्या लेक लाडकी अभियानाने 2010 लाच केलं होतं, तरी दवाखाना 2012 पर्यंत चालू राहिला. तुमच्या गावात कुठे लिंग सांगतात हे साधारण सगळ्यांना माहीत असतं, रिक्षावाल्यालाही. ते जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी कळवा आणि पोच घ्या. आणि घरात, शेजारी कुणा बाईला नवऱ्याच्या सहीसाठी परत पाठवलं तर तिच्याबरोबर जा आणि फॉर्म सी मागा.