हवेतले परागकण खरंच वाढलेत, की आपल्याला तसं वाटतं?

वाढलेत, निदान उत्तर अमेरिकेत तरी. तिथल्या 60 केंद्रांच्या 1990 ते 2018 मधल्या नोंदींनुसार परागांचा हंगाम साधारण 20 दिवस लवकर सुरू होतो, 8 दिवस जास्त टिकतो आणि कणांचं प्रमाण सुमारे 21 टक्क्यांनी वाढलंय. मुख्य कारण वाढतं तापमान. शिवाय कार्बन डायऑक्साइड वाढला की रॅगवीडसारखं तण जास्त पराग सोडतं.

मोजायचं नेहमीचं यंत्र मिनिटाला 10 लिटर हवा ओढतं, कण चिकट पट्टीवर बसतात, मग कुणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते मोजत बसतं (कंटाळवाणं काम!). एकाच वर्षाच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. बर्चसारखी झाडं एखाद्या वर्षी भरभरून फुलतात, पुढच्या वर्षी हात आखडता घेतात.