हायड्रोजेल गोठतं, थिजतं, की लागतं?

चाळीसगावच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यासाठी त्यांनी शीर्षक केलं आहे : ‘ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिक आम्लापासून स्वजुळवणीने गोठणारे जलजेल’. जलजेल म्हणजे हायड्रोजेल : बारीक जाळ्यात पाणी अडकून झालेला लिबलिबीत, घट्ट पदार्थ. हे मराठी बरोबर आहे का, आणि कुरडयांच्या दिवसांत घरोघरी दिसणारा ‘चीक’ हा शब्द इथे चालेल का, असं त्या विचारतात.

आधी ‘स्वजुळवणी’, म्हणजे इंग्रजीतलं ‘सेल्फ-असेम्ब्ली’. जुळणे आणि जुळवणे यांत कर्त्याचा फरक आहे. पत्रिका जुळतात, जुळवतो तो भटजी. ग्लिसरायझिक आम्लाच्या रेणूंना जुळवणारं कोणीच नसतं. रेणूचा एक भाग साखरेच्या जातीचा, त्याला पाणी मानवतं. उरलेलं अंग पाण्याला टाळतं. गरम पाण्यात रेणू सुटे राहतात. पाणी निवलं की पाण्याला टाळणारी अंगं एकमेकांना चिकटतात, काही नॅनोमीटर जाडीचे लांबच लांब तंतू होतात, तंतूंचा गुंता होतो आणि पाणी त्यात अडकतं. म्हणून ‘स्वयंजुळणी’ म्हणा. ‘स्वयंसंघटन’ही वाचलं आहे, पण त्यात कामगार चळवळीचा वास येतो. वाक्यात तर ‘आपोआप जुळून’ एवढं पुरतं.

खरी मौज क्रियापदात आहे. ‘गोठणे’ म्हटलं की पाण्याचा बर्फ डोळ्यांपुढे येतो, आणि इथे तर पाणी पाणीच राहतं. अर्थात हा गोंधळ आपलाच नाही. एकोणिसाव्या शतकात थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञांनी ‘जेल’ हा शब्द रूढ केला तो जिलेटिनवरून, आणि त्याच्या मुळाशी असलेलं लॅटिन क्रियापद गोठण्याचंच आहे.

मराठी स्वयंपाकघरात मात्र प्रत्येक प्रकाराला वेगळं क्रियापद आहे. पिठलं आळतं, म्हणजे शिजताना पाणी आटून घट्ट होतं. दही लागतं : दूध आंबट होत सामू (पीएच) ४.६ च्या आसपास आला की केसीन या दुधातल्या प्रथिनाचे कण एकमेकांना धरतात. ते परत दूध होत नाही. रक्त साकळतं, तिथे फायब्रिन या प्रथिनाचे तंतू आपोआप जुळतात आणि मग त्यांना रासायनिक टाके पडतात. तूप थिजतं, ऊब मिळाली की पातळ होतं, पुन्हा थिजतं. निवल्यावर घट्ट आणि तापवल्यावर पातळ होणाऱ्या जेलला ‘थिजणे’ हाच शब्द बसतो. तुपात पाणी अडकवणारं जाळं नसतं ही हरकत खरी, पण क्रियापद वागणुकीवरून निवडायचं असतं. जेल जुनं झालं की त्यातून पाणी बाहेर येतं, त्यालाही नवा शब्द नको : दह्याला सुटतं तसं ‘पाणी सुटतं’.

शब्दाची परीक्षा चायना ग्रासवर, म्हणजे अगारवर, करून बघता येईल. २०० मिली पाण्यात २ ग्रॅम पूड घालून पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. कण राहिले तर जेल फुसकं होतं. ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान ते थिजतं, पण पुन्हा पातळ व्हायला ८५ अंशांच्या आसपास जावं लागतं. भुसावळच्या मे महिन्यातल्या दुपारी, पारा ४४ वर असताना, ते ओट्यावर थिजणारच नाही. थंड पाण्याच्या परातीत भांडं ठेवा. एकदा थिजलं की मात्र तोच उन्हाळा त्याचं काही बिघडवत नाही. जिलेटिनचं जेल अशा दुपारी तसंच वितळून जाईल. लिंबाचा रस अगारबरोबर उकळू नका. आंबटात उकळल्याने अगारच्या लांब रेणूंच्या साखळ्या तुटतात. रस शेवटी घाला.

ज्येष्ठमधाच्या बाबतीत तक्त्यावर एक ओळ हवी : मुळीचा काढा थिजत नाही, शुद्ध केलेलं आम्ल लागतं. त्यात खायचा सोडाही घालू नये. आम्लगटांवर विद्युतभार येतो, रेणू एकमेकांना लोटतात आणि जाळं मोडतं.

आता चीक. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून गाळले की तळाशी बसतो तो चीक. रुईचा पांढरा रस चीक, केळीचा घड कापताना कपड्यांवर डाग पाडतो तो चीक, आणि व्यालेल्या गाईचं पहिलं दूधही चीक. चारही ठिकाणी तो वाहता, कच्चा पदार्थ आहे. गाईच्या चिकाचं जेल होतं तेव्हा आपण त्याला खरवस म्हणतो. गव्हाचा चीक शिजवला तरी नाव तेच राहतं, हा अपवाद. साधारण ६० अंशांना पिष्टाचे कण फुगून फुटू लागतात, आणि ताटलीत निवताना पिष्टातल्या अमायलोज या घटकाच्या साखळ्या आपोआप जुळून तो घट्ट होतो. म्हणजे स्वयंजुळणीचं उदाहरण म्हणून चीक उत्तम. पण थिजण्याचं नाही, कारण गार चीक पुन्हा तापवला तरी पहिल्यासारखा वाहत नाही. जेलचं नाव म्हणून तर नकोच. चीक म्हटलं की जळगावकराला आधी केळीचा डाग आठवेल.

राहिलं ‘जलजेल’. मराठी कानाला ते पाण्याचा तुरुंग वाटतं. विनोद म्हणून छान, कारण पाणी खरंच कोंडलेलं असतं, पण तक्त्यावर नको. ‘हायड्रोजेल’ राहू द्या. त्यातला ‘हायड्रो’ आपल्या ‘उदक’चा दूरचा भाऊबंदच आहे.

तेव्हा शीर्षक असं करावं : ‘ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिक आम्लाचं, आपोआप जुळून थिजणारं हायड्रोजेल’. शाळेला प्रमाणलेखन हवं असेल तर ‘ज्येष्ठमधातील’, ‘आम्लाचे’, ‘थिजणारे’ करून घ्या.