ती फट बुजवू नका भाऊ, तीच तर कामाची आहे

चोपड्याच्या एका भाऊंनी त्यांच्या घरी केलेल्या इलेक्ट्रिक गिटारीचं दुखणं लिहिलंय, ते वाचून मला माझीच जुनी गिटार आठवली. त्यांनी सागवानाची बॉडी घरी केली, नेक (गिटारीचा लांब दांडा) ऑनलाइन मागवला, चार स्क्रूंनी बसवला. आता बॉडीकडच्या शेवटच्या फ्रेट्सवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) एका बाजूची पातळ ई तार नेकच्या कडेपासून दीड मिलिमीटरवर आहे, दुसऱ्या बाजूची जाड ई साडेचारवर. थोडं ताणून वाजवलं की पातळ तार फ्रेटबोर्डवरून घसरून खाली जाते. नेक बॉडीत शिरतो तिथे जाड तारेच्या बाजूला एवढी फट आहे की एटीएम कार्ड आत जातं. म्हणून भाऊंचा बेत असा की फट एम-सीलने भरायची, वर पॉलिश मारायचं आणि मग मिस्त्रीकडून ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) सरकवून घ्यायचा.

थांबा. एम-सील अजिबात नको.

आधीच सांगतो, मी काही गिटार बनवणारा कारागीर नाही. भुसावळला नोकरी करून सुट्टीत लाकूड घासणारा माणूस. महागड्या कंपनीच्या गिटारीवर माझं ऐकून ड्रिल चालवू नका. पण घरी केलेल्या, स्क्रूने बसवलेल्या नेकचं हे दुखणं मी पुरतं भोगलंय.

तुमची मापं चांगली आहेत. दीड आणि साडेचार मिळून सहा, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन मिळायला जागा आहे. दोन्ही तारा कडेला चिकटलेल्या असत्या तर ब्रिजच नेकच्या मानाने रुंद निघाला असता, आणि मग ब्रिज बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तुमचं तसं नाही. तुमचा नेक फक्त तिरका बसलाय.

आता जरा हिशोब. साधारण ६४८ मिमी स्केलची, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तेवढ्या तारेची, २२ फ्रेटची गिटार धरा (नट म्हणजे नेकच्या टोकाशी असलेली तारांच्या खाचांची पट्टी). पॉकेटची, म्हणजे बॉडीत नेक बसतो त्या खाचेची, लांबी ७६ मिमीच्या आसपास असते आणि तिथून नटपर्यंत नेक लांबच लांब बाहेर असतो. पॉकेटच्या तोंडाशी नेक अर्धा मिमी हलला की नटकडे तो जवळजवळ तीन मिमी सरकतो, आणि शेवटच्या फ्रेटवर तारा पाऊण मिमीहून थोड्या जास्त सरकतात. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिमी. म्हणजे तुमच्या त्या फटीतच सव्वा मिमीची दुरुस्ती दडलेली आहे. तुम्हाला हवी दीडची. उरला पाव मिमी, तेवढ्याने कोणाचं काही अडत नाही.

दिशाही नीट समजून घ्या, इथे बरेच जण उलटं करतात. पातळ तार घसरते तेव्हा हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) जाड तारेकडे ढकलायचा, म्हणजे गिटार गळ्यात असताना वरच्या बाजूला. तुमची फट नेमकी त्याच बाजूला आहे. ती भरलीत की दार आतून कडी लावून बंद केल्यासारखं होईल.

माझ्या बाबतीत ही कडी दुसऱ्यांनी लावली. एका मोठ्या शहरातलं नावाजलेलं दुकान, नाव घेत नाही. आपल्याकडे जाणकार कुठे मिळायचा म्हणून ओळखीच्या माणसाबरोबर गिटार तिकडे पाठवली. चिठ्ठीत स्पष्ट लिहिलं होतं, नेक आडवा तिरका आहे. फोन केला की एकच उत्तर, "ट्रस रॉड सेट करतोय." अरे, ट्रस रॉडचा आडव्या तिरकेपणाशी संबंधच काय? ती नेकच्या आतली सळई, नेकचा पुढे-मागे येणारा बाक काढते, उजवी-डावी तिला कळत नाही. मी हे बोललो तर काउंटरवरचा म्हणतो, "घरी बनवलेली आहे ना, मग एवढं चालायचंच."

परत आली तेव्हा गिटार दिसायला झकास होती. फट गायब, वरून रंग. आणि तारा मध्ये दिसाव्यात म्हणून नटच्या खाचा एका बाजूला घासून ठेवलेल्या. म्हणजे रोग तसाच ठेवून चेहऱ्याला पावडर लावली. त्यांनी फटीत कडक इपॉक्सी ओतलं होतं. चारही स्क्रू काढले तरी नेक ढिम्म हलेना. पातळ पटाशीने ते इपॉक्सी कोरून काढताना पॉकेटच्या कडेचा सागवानाचा कपचा उडाला, नट नवा घ्यावा लागला, आणि बिल आलं होतं ते वेगळंच. तक्रारीला उत्तर काय, तर "आमच्याकडून ओके गेली होती." जाऊ द्या, आजही आठवलं की डोकं फिरतं.

तर आता काम. पहिल्यांदा ब्रिज निर्दोष आहे का ते बघा. तारा काढा आणि मासे पकडायची तंगूस घ्या, किराणा दुकानातही मिळते. नटच्या दोन्ही कडेच्या खाचांतून ब्रिजच्या कडेच्या दोन सॅडलपर्यंत (तार टेकते ते ठोकळे) ताणून बांधा. स्क्रू सैल करून नेक हाताने जाड तारेकडे, फट मिटेपर्यंत ढकलून धरला आणि दोन्ही तंगुसा कडांपासून सारख्या अंतरावर आल्या, तर ब्रिजला हातही लावायचा नाही. माझी खात्री आहे की तुमचं तसंच निघेल. ब्रिज हलवलाच तर त्याच्याखाली दाबलेली अर्थची बारीक वायर विसरू नका, नाहीतर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात तारांवर हात ठेवला तरी अँप घुंऽ करत बसेल.

मग स्क्रू. सगळं इथेच अडतं आणि कोणी बघत नाही. नेक काढा, बॉडी हातात धरा आणि स्क्रू मागून भोकात सोडा. तो स्वतःच्या वजनाने सर्रकन आरपार गेला पाहिजे. फिरवून घालावा लागत असेल, काढल्यावर आट्यांमध्ये सागवानाचा तपकिरी भुसा अडकलेला दिसत असेल, तर चोर सापडला. स्क्रूने फक्त नेकचं लाकूड धरायचं असतं, बॉडीचं नाही. बॉडीतही आटे बसले की नेक आणि बॉडी जिथे आहेत तिथेच एकमेकांना धरून राहतात. तुम्ही कितीही आवळा, नेक ना खाली दबतो ना बाजूला सरकतो.

साधारण सव्वाचार मिमीचा स्क्रू असेल तर बॉडीतली भोकं ५ मिमीची करा. तुम्हाला पाऊण मिमी सरकवायचंय, तेव्हा नेक ज्या बाजूने बॉडीत शिरतो तिथली दोन भोकं साडेपाचची केलीत तरी बिघडत नाही, मागची पट्टी सगळं झाकते. फक्त बॉडी. नेकच्या भोकांत ड्रिल घालायचं नाही, ती ३ मिमीच्या आसपासचीच राहू द्या. बसवताना स्क्रूला मेणबत्ती घासा, नेकचं मेपल लाकूड कडक असतं, कोरडा स्क्रू डोक्यातून तुटतो.

पुढचं सोपं आहे. फक्त दोन ई तारा लावा, जरा ताण द्या. चारही स्क्रू अर्धा आटा सैल करा. एक हात बॉडीवर, दुसऱ्याने हेडस्टॉक जाड तारेकडे ढकला. तारा मध्ये आल्या की दुसऱ्या कोणाला तरी स्क्रू तिरप्या जोडीने आवळायला सांगा. एकट्याने करताना आवळता आवळता नेक परत जागेवर जातो, हा अनुभव आहे. सगळ्या तारा चढवून पुरतं ट्यून केल्यावर पुन्हा मापून बघा. आता तशीच फट पातळ तारेच्या बाजूला दिसेल. दिसू दे. अगदीच डोळ्यात खुपली तर विनियरची (लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) पट्टी कोरडीच सरकवा, गोंद नको.

एवढं करूनही जमलं नाही तरच नेकची भोकं कडक लाकडाच्या खुंटीने बुजवून नवी पाडायची. त्या वेळी पुन्हा विचारा.

मिस्त्रीबद्दल. आपल्याकडचे मिस्त्री लाकडाला देव आहेत, माझी मोडलेली कड आमच्याच गल्लीतल्या मिस्त्रीने अशी बसवली की सांधा दिसत नाही. (सागवान तेलकट असतं, चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसायचं, हे त्याला मी सांगितलं. बाकी सगळं त्याचं.) पण दारं-खिडक्या करणारा माणूस सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिमीहून जास्त. "सरळ शे ना भो" म्हणाला तर त्याच्या हिशोबाने ते खरंच सरळ असतं. आपला सगळा वाद पाव सुताच्या आतला. म्हणून पॉकेट रुंद करायचं काम त्याच्या हातात देऊ नका, निदान समोर उभं राहिल्याशिवाय.

आणखी एक. हे सगळं मे महिन्यात करू नका. ४५ डिग्रीत पत्र्याखालच्या खोलीत लाकूड सुकून आकसतं, फ्रेटची टोकं कडेने बोटाला टोचायला लागतात. तेव्हा नेक पॉकेटमध्ये सैल वाटतो आणि श्रावणात तोच घट्ट. दिवाळीनंतर हात घाला.

स्क्रू आधी काढून बघा आणि आट्यांचा जवळून फोटो टाका. भुसा दिसतोय की नाही, त्यावरून पुढचं सांगतो.